संचालकाची निवड आणि पाच जिल्ह्यांचे वेळापत्रक

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयीन खेळाडू वर्षाच्या कोणत्या महिन्यात, कोणत्या मैदानावर आणि किती तयारीनिशी उतरणार, हे बहुतांशी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाच्या कार्यालयात ठरते, आणि म्हणूनच त्या पदावरील निवड हा संलग्न महाविद्यालयांतील प्रत्येक शारीरिक शिक्षण संचालकाच्या रोजच्या कामाशी थेट जोडलेला विषय आहे. महाविद्यालयांच्या संघांमध्ये होणाऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यांतून निवडल्या जाणाऱ्या खेळाडूंचे प्रशिक्षण शिबिर, आणि त्या शिबिरातून घडलेला विद्यापीठाचा चमू ज्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरतो त्या स्पर्धा, अशी ही तीन पायऱ्यांची रचना आहे. तिची पहिली पायरी कच्ची राहिली तर तिसऱ्या पायरीवरील पदकांची अपेक्षा फोल ठरते. सार्वजनिक विद्यापीठांत असे पद जेव्हा जेव्हा भरले जाते, तेव्हा निवडीच्या निकषांत या पहिल्या पायरीला कोणते स्थान मिळते, याचा विचार व्यवसायबंधूंनी जाहिरात निघण्यापूर्वी करावयास हवा, कारण जाहिरात निघाल्यानंतर चर्चा उमेदवारांच्या नावांभोवती फिरू लागते आणि कामाचे स्वरूप बाजूला पडते.

वऱ्हाडातील क्रीडासंस्थांचा इतिहास विद्यापीठाहून बराच जुना आहे. अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. त्यापूर्वी या भागातील महाविद्यालये १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. परंतु अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्येच उभे केले होते आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने हुतुतू व इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली होती. अमरावतीत तिरंदाजी आणि अकोल्यात मुष्टियुद्ध रुजले, त्यामागेही कोणा एका आदेशापेक्षा मैदानावर रोज सकाळ-संध्याकाळ उभ्या राहणाऱ्या मार्गदर्शकांचे सातत्य अधिक आहे. अशा संस्थांत नेतृत्व हे कामातून पुढे येत असे. आखाड्यात कोणी किती शिष्य तयार केले, स्पर्धेची व्यवस्था कोणी न चुकता पार पाडली आणि मतभेद कोणी सामोपचाराने मिटवले, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. विद्यापीठाचे पद मात्र जाहिरात, अर्ज, छाननी आणि मुलाखत या मार्गाने भरले जाते, जे कायद्याच्या दृष्टीने योग्यच आहे. तथापि या मार्गात कागदावर मोजता येणाऱ्या गोष्टींचे वजन वाढते आणि मैदानावर दिसणाऱ्या गोष्टींचे वजन घटते, ही त्यातील खरी अडचण आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत या अडचणीवर काही अंशी उपाय आहे, पण त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. विद्यापीठाच्या क्रीडा संचालकासाठी शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाविज्ञानातील पीएच.डी. आणि दहा वर्षांचा अनुभव या अटी सर्वांना पाठ असतात. मात्र त्याच यादीत आणखी दोन अटी आहेत. उमेदवाराने स्पर्धा आणि किमान दोन आठवड्यांची प्रशिक्षण शिबिरे आयोजित केल्याचा पुरावा द्यावा, आणि त्याने घडविलेल्या संघांनी वा खेळाडूंनी राज्य, राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धांत चांगली कामगिरी केल्याचा पुरावाही द्यावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. निवड समितीची रचना प्राध्यापकपदाच्या समितीप्रमाणेच असली, तरी विषयतज्ज्ञांपैकी एक व्यक्ती प्रत्यक्ष कार्यरत असलेली शारीरिक शिक्षण संचालक असावी, अशीही तरतूद आहे. शोधनिबंधांची संख्या मोजणे सोपे असते आणि शिबिराचा दर्जा तपासणे कठीण असते, त्यामुळे आयोजनाचे आणि कामगिरीचे हे दोन पुरावे अर्जाच्या फाईलमध्ये बहुधा तळाशी राहतात. महाविद्यालयीन संचालकाच्या पदासाठी याच विनियमांत शारीरिक क्षमता चाचणी सांगितली आहे, तीत तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १,८०० मीटर अंतर कापावे लागते. म्हणजे कनिष्ठ पदावरील माणूस प्रत्यक्ष धावून दाखवतो, तर ज्येष्ठ पदावरील माणसाच्या कामाची प्रत्यक्ष परीक्षा घेण्याची कोणतीही रीत ठरलेली नाही. अशी रीत घालून देणे निवड समितीच्या हाती आहे, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही.

या परीक्षेचा विषय कोणता असावा, याचे उत्तर वऱ्हाडापुरते तरी निश्चित देता येते: वार्षिक क्रीडा वेळापत्रक. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम तारखा भरण्याचे वाटते, परंतु पाच जिल्ह्यांच्या क्रीडाजीवनाची सारी गुंतागुंत त्यात उतरते. सत्र पावसाळ्यात सुरू होते आणि प्रवेशप्रक्रिया ऑगस्टपर्यंत रेंगाळते. दुसरीकडे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम हिवाळ्यात येतो, त्यामुळे बहुतेक मैदानी खेळांच्या आंतरमहाविद्यालयीन फेऱ्या त्याआधी उरकणे भाग पडते. कपाशीच्या काळ्या जमिनीवर आखलेले कबड्डीचे वा खो-खोचे मैदान एका जोरदार सरीने निकामी होते, आणि वाफसा आल्याशिवाय त्यावर पुन्हा चुना मारता येत नाही. पाऊस ओसरतो तोच सोयाबीनची सोंगणी सुरू होते, तिच्या मागोमाग कापसाची वेचणी येते, आणि शेतकरी कुटुंबातील खेळाडू नेमक्या त्याच आठवड्यांत घरी अडकलेला असतो; त्यात दिवाळीची सुट्टी आणि सत्र परीक्षा यांची भर पडते. उन्हाळी सत्रात दिवस मोकळे असतात, पण अकोल्याच्या ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या उन्हात मुलांना मैदानावर उतरवणे धोक्याचे असते. बॅडमिंटन, टेबल टेनिस, बुद्धिबळ, भारोत्तोलन, योगासने असे छताखाली होणारे क्रीडाप्रकार पावसाळ्यात घेऊन मैदानी खेळांसाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध व त्यानंतरचे कोरडे दिवस राखून ठेवणारा संचालक आणि जुन्याच परिपत्रकावर नव्या तारखा टाकणारा संचालक यांच्यातील फरक कोणत्याही शोधनिबंधातून दिसणार नाही.

अंतराचा प्रश्न याच वेळापत्रकाचा दुसरा भाग आहे. विद्यापीठाचे मुख्यालय अमरावतीत असले, तरी सिंदखेडराजा जालन्याला अधिक जवळ आहे, वणी चंद्रपूरला अधिक जवळ आहे, आणि मेळघाटातील धारणीचा बाजारहाट व प्रवास अनेक बाबतींत मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरकडे वळतो. धारणीच्या मुलींचा कबड्डी संघ अमरावतीत सकाळी नऊच्या सामन्याला हजर राहावा, अशी अपेक्षा असेल, तर त्याला घाट उतरून आदल्या दिवशीच यावे लागते. त्यासाठी मुक्कामाची सुरक्षित जागा, सोबत महिला सहकारी, दैनिक भत्त्याची आगाऊ रक्कम आणि परतीची गाडी या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. त्यांतील एक जरी चुकली, तरी पालक परवानगी नाकारतात आणि नोंदवहीत त्या महाविद्यालयापुढे ‘संघ अनुपस्थित’ एवढेच लिहिले जाते. डोंगरदऱ्यांत वाढलेल्या कोरकू मुलामुलींच्या दमसासाविषयी भाषणांत नेहमी बोलले जाते. लांब पल्ल्याच्या शर्यतींची निवड चाचणी परतवाडा किंवा चिखलदरा येथे ठेवणारे वेळापत्रक त्या भाषणांपेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल. क्रिकेटपटूला विदर्भ क्रिकेट असोसिएशनचा स्वतंत्र मार्ग उपलब्ध आहे आणि अकोला-अमरावतीचे अनेक खेळाडू त्या मार्गाने वर गेले आहेत. परंतु खो-खो, कबड्डी, कुस्ती आणि मैदानी क्रीडाप्रकारांतील खेड्यातल्या खेळाडूसाठी विद्यापीठाची स्पर्धा हीच अनेकदा पहिली आणि शेवटची संधी असते. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वयाची मर्यादा १७ ते २५ अशी आहे, आणि पदवीच्या तीन-चार वर्षांत एखाद्याचा एक हंगाम हुकला, तर तो भरून निघत नाही.

निवड चाचणीचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून त्याबद्दल स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चमकलेल्या खेळाडूंतून विद्यापीठाचा चमू निवडताना यजमान महाविद्यालयाच्या, मोठ्या शहरांतील संस्थांच्या किंवा निवड समिती सदस्यांच्या स्वतःच्या खेळाडूंना झुकते माप मिळते, अशी भावना ग्रामीण महाविद्यालयांत वर्षानुवर्षे आहे. ती प्रत्येक वेळी खरी असेलच असे नाही, परंतु निवडीचे गुणपत्रक कोणाला दिसत नसल्यामुळे ती खोटीही ठरवता येत नाही. धावण्याची वेळ, उडीचे अंतर, कुस्तीतील लढतींचे निकाल या मोजता येणाऱ्या बाबी त्याच सायंकाळी फलकावर लावणे आणि सांघिक खेळांत प्रत्येक निवडकर्त्याचे गुण स्वतंत्र स्तंभात नोंदवून त्यावर सह्या घेणे, एवढ्याने अर्धा अविश्वास दूर होतो. विद्यापीठाचा कलर, म्हणजे विद्यापीठाच्या चमूतून खेळल्याचा मान, मिळालेल्या खेळाडूच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारातही किंमत असल्याने येथील प्रत्येक निवडीचे परिणाम मैदानाबाहेर दूरवर पोहोचतात. उमेदवाराने पूर्वीच्या पदावर अशी पारदर्शक पद्धत कधी राबवली आहे काय, हा प्रश्न मुलाखतीत विचारला गेला पाहिजे, आणि उत्तराच्या पुष्ट्यर्थ प्रत्यक्ष गुणपत्रके मागितली गेली पाहिजेत.

परदेशातील एका उदाहरणाचा येथे उपयोग होईल. अमेरिकेत अनेक विद्यापीठे एकत्र येऊन आपसांतील स्पर्धांसाठी जो संघ स्थापन करतात त्याला कॉन्फरन्स म्हणतात, आणि त्याच्या प्रमुखाला कमिशनर म्हणतात. १८९६ मध्ये सात विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी उभी केलेली बिग टेन ही कॉन्फरन्स १९२२ पर्यंत कमिशनरविनाच चालली. पात्रतेचे नियम ठरवणे आणि त्यांची अंमलबजावणी करणे हे तिचे मूळ काम होते. पुढे दूरचित्रवाणीच्या हक्कांतून प्रचंड पैसा आला आणि प्रमुखपदासाठी व्यावसायिक क्रीडा व माध्यमांच्या क्षेत्रातील माणसे शोधली जाऊ लागली. पश्चिम किनाऱ्यावरील पॅक-१२ (तेव्हाची पॅक-१०) या कॉन्फरन्सने २००९ मध्ये महिला टेनिसच्या व्यावसायिक संघटनेचे प्रमुख लॅरी स्कॉट यांना, तर २०२१ मध्ये मनोरंजन उद्योगातील जॉर्ज क्लियाव्कॉफ यांना आणले. मात्र समाधानकारक प्रक्षेपण करार न झाल्याने २०२४ मध्ये बारापैकी दहा विद्यापीठे तिच्यातून बाहेर पडली. त्या पतनाचे खापर दोन व्यक्तींवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण विद्यापीठांचे कुलगुरूही त्या निर्णयांत सहभागी होते. तरीही एक गोष्ट त्यातून दिसते: निवडणाऱ्यांनी पदाचे मुख्य काम कोणते मानले, त्यावर त्यांना कोणता माणूस मिळणार हे अवलंबून राहिले. वऱ्हाडात विकण्यासारखे प्रक्षेपण हक्क नाहीत, त्यामुळे येथील पदाचे मुख्य काम कोणते, याविषयी संभ्रमाला जागाच उरत नाही.

पद रिक्त ठेवून एखाद्या विभागप्रमुखाकडे वा महाविद्यालयीन संचालकाकडे अतिरिक्त कार्यभार सोपवण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक सार्वजनिक विद्यापीठांत दिसते. प्रभारी व्यक्ती कितीही तळमळीची असली, तरी तिला पुढील वर्षाच्या खर्चाची तजवीज करता येत नाही, प्रशिक्षकांशी दीर्घ मुदतीचे करार करता येत नाहीत, आणि राज्यातील विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवाची तयारी ऐनवेळी करावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्रीडा व योग यांना सहअभ्यासक्रमीय विषय म्हणून श्रेयांक मिळू लागल्यापासून, म्हणजे खेळाच्या तासांचे मूल्यमापन निकालपत्रात उतरू लागल्यापासून, हे काम आणखी वाढले आहे. पूर्णवेळ नेमणूक ही या चर्चेची पूर्वअट आहे. तिच्यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

यातून एक ठोस सूचना पुढे येते. मुलाखतीसाठी पात्र ठरलेल्या प्रत्येक उमेदवाराला पाच जिल्ह्यांचा नकाशा, संलग्न महाविद्यालयांची यादी, परीक्षांचे वेळापत्रक, मागील हंगामाचे सामने व अनुपस्थित संघांची नोंद आणि उपलब्ध निधीचा आकडा एक आठवडा आधी द्यावा, आणि त्यावरून पुढील वर्षाचे क्रीडा वेळापत्रक लेखी तयार करून आणण्यास सांगावे. कोणत्या खेळाचे यजमानपद कोणाला व का, प्राथमिक फेऱ्या जिल्हानिहाय घेतल्यास प्रवासखर्चात किती बचत होते, ती बचत शिबिराच्या दिवसांत कशी वळवता येते, मुलींच्या संघांच्या मुक्कामाची व्यवस्था कोणत्या गावी आहे आणि पावसाने सामना रद्द झाल्यास राखीव तारीख कोणती, या प्रश्नांची उत्तरे त्या कागदावर आपोआप उमटतील. समितीतील कार्यरत शारीरिक शिक्षण संचालक त्या आराखड्यातील कच्चे दुवे तासाभरात ओळखू शकेल; कुलगुरू व इतर तज्ज्ञांना उमेदवाराची वैचारिक बैठक तपासण्यास त्यानंतरही पुरेसा वेळ उरेल. निवड झालेल्या उमेदवाराचा आराखडा विद्यापीठाने प्रसिद्ध करावा आणि वर्षअखेरीस क्रीडा मंडळाच्या सभेत त्याच्याशी प्रत्यक्ष हंगामाची तुलना केली जावी.

या सूचनेत महाविद्यालयांचाही वाटा आहे, आणि तो समितीच्या वाट्याहून कमी महत्त्वाचा नाही. अनुपस्थितीची खरी कारणे आज कोठेच लिहिलेली नाहीत. संघ आला नाही, इतके कळते, पण गाडी मिळाली नाही की भत्ता उशिरा आला, परीक्षेची तारीख आड आली की संघाला पुरेसे खेळाडूच मिळाले नाहीत, हे फक्त त्या त्या महाविद्यालयाच्या संचालकाला ठाऊक असते. प्रत्येक महाविद्यालयाने मागील तीन हंगामांतील आपल्या हुकलेल्या सामन्यांची यादी कारणांसह, प्राचार्यांच्या सहीने, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे पाठवावी आणि तिची एक प्रत आपल्या जिल्ह्यातील शारीरिक शिक्षण संचालकांच्या बैठकीत ठेवावी, असे आवाहन या अंकाच्या निमित्ताने करण्यात येत आहे. सोयाबीनची सोंगणी सुरू होण्यापूर्वी हे काम हाती घेतल्यास, पदाची जाहिरात केव्हाही निघाली तरी ती यादी उमेदवारांच्या हाती देता येईल.