मापातील विवेक

बीडच्या मोंढ्यात काटा किंचित झुकला, तरी जाणत्या व्यापाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येते. माप चुकले की व्यवहारातील सचोटी गेली, ही शिकवण त्याला घरातूनच मिळालेली असते. अंबाजोगाईपासून आष्टीपर्यंत औषधांच्या दुकानांतून जे विकले जाते, त्यामागेही असाच मापाचा एक हिशेब असतो. मात्र तो ग्राहकाला दिसत नाही. नवे औषध माणसाला देण्यापूर्वी बहुधा उंदीर, ससा अशा मुक्या जिवांवर तपासलेले असते.

या तपासणीत मापे दोन असतात. एक औषधाच्या मात्रेचे आणि दुसरे, ती मात्रा ज्या द्रवातून द्यायची त्या द्रवाचे. २००१ साली युरोपातील औषध उद्योगाच्या तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत या दुसऱ्या मापाचे कोष्टक आहे. तोंडावाटे देताना उंदराला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिलिटर, कुत्र्याला ५. सशाला शिरेतून एकदम द्यावयाचे असल्यास केवळ २. म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या उंदराला अडीच मिलिलिटर. आकडा क्षुल्लक भासतो. परंतु याच प्रमाणात साठ किलोच्या माणसाला एका दमात ६०० मिलिलिटर प्यावे लागेल!

मात्रा वाढवावयाची असेल, तर शक्यतो द्रावण अधिक तीव्र करावे, द्रव वाढवू नये. पोट अति भरले तर द्रव उलटून श्वसनमार्गात जाऊ शकतो. मग जीव जातो द्रवाच्या भाराने आणि दोष लागतो औषधाला. असा निष्कर्ष खोटा ठरतो, प्रयोग पुन्हा करावा लागतो आणि आणखी जीव खर्ची पडतात. निष्काळजीपणाची हिंसा अशी दुप्पट होते.

भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोग टाळता येत असेल तेथे टाळावा आणि अनावश्यक वेदना होऊ देऊ नये, असे बजावले आहे. १९५९ मध्ये रसेल व बर्च या शास्त्रज्ञांनी पर्याय शोधणे, संख्या घटवणे व वेदना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली होती.

योग्य मापाने प्रयोगातील हिंसा संपत नाही; ती कमी होते, एवढेच. परंतु जी हिंसा टाळता येते, ती न टाळणे हा प्रमादच होय. यतना म्हणतात ती हीच.