अंगावर काढू नका

मुलींनो, मी भालकीत वाढले. आमच्याकडे ‘अंगावरून पांढरं जातंय’ हे बाई जावेच्या कानात सांगते, डॉक्टरला सांगत नाही. लाजेपायी दुखणं अंगावर काढते. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघालं. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

यातलंच एक नेहमीचं दुखणं म्हणजे कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग. ही बुरशी निरोगी बाईच्या अंगातही थोडी असतेच. अँटिबायोटिकनंतर, गरोदरपणात किंवा रक्तातली साखर वाढली की ती फोफावते. यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. लग्न न झालेल्या मुलीलाही हे होतं.

खूप खाज, लघवीला आग, दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव ही तिची लक्षणं. घाण वास येत असेल तर आजार बहुधा वेगळा असतो आणि औषधही वेगळं. म्हणून शेजारणीची ट्यूब वापरू नका. डॉक्टर बहुधा योनीत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी किंवा तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल देतात. दिवस गेले असतील तर ते आधी सांगा; तेव्हा फ्लुकोनॅझोल मनाने घेऊ नका. आतून साबणाने धुऊ नका, सुती कपडे वापरा. पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासा.

आणि हो, घरी आईलाही एकदा विचारा. ती आपणहून सांगणार नाही.