फरदड नकोच, माझं स्पष्ट मत

डिसेंबर संपत आला, फरदडीसाठी पाणी सोडू का, असं बरेच जण विचारताहेत. चार पैसे जास्तीचे कुणाला नकोत? पण गुलाबी बोंडअळी तुमच्याच पाण्यावर जगते. अळी बोंडात शिरली की छिद्र बुजतं, मग कितीही महाग औषध मारा, आत पोचत नाही. हंगाम सरताना तीच अळी किडक्या बोंडात दोन सरक्या जोडून झोपून राहते. पाऊस पडला की पतंग होऊन नव्या कपाशीवर. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या म्हणजे तिचं घरच. सरपणाला लागतात, मान्य. पण निदान किडकी बोंडं तोडून नष्ट करा. एकानं फरदड ठेवली तर भोगतं सगळं शिवार. पऱ्हाटी बारीक करायचं यंत्र हवं असेल तर गट नंबर आणि एकर कळवा.