तांबीसाठी 'मालका'ची सही कशाला?

कवठे महांकाळ तालुक्यात द्राक्षबागेत मजुरी करणारी एक भगिनी मध्यंतरी आमच्याकडे आली. काम कोर्टाचे नव्हते. दोन लेकरे आहेत, तिसरे नको, ऑपरेशन करून घरी पडून राहणे परवडत नाही, म्हणून तांबी बसवायची होती. दवाखान्यातून तिला परत पाठवले. 'मालकाला घेऊन या, सही लागते.' मालक कामासाठी परजिल्ह्यात. तिने आम्हाला सरळ विचारले, "वकीलताई, असा कायदा हाय का?"

असा कायदा नाही. पण हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. बारा-तेरा वर्षांपूर्वी, हाती सनद आणि अंगावर काळा कोट असताना, आम्हालाही एका दवाखान्यात हेच विचारले गेले होते. 'मालक आलेत का?' आमच्या भागात नवऱ्याला मालक म्हणायची रीत आहे. एरवी आपण ती कानाआड करतो, पण तपासणीच्या टेबलाशेजारी उभे असताना त्या शब्दाचा अर्थ कळतो. जमिनीला सातबारा असतो, त्यावर मालकाचे नाव असते. बाईच्या गर्भाशयाचा सातबारा कोणत्या तलाठ्याने काढला? आम्ही वाद घातला आणि तांबी बसवून घेतली. वाद घालता आला, कारण आम्ही शिकलेलो होतो. बागेतल्या बाईने काय करायचे?

तांबीविषयी भीतीही फार. आमच्या शेजारच्या मावशींनी ती वर चढून काळजात जाते असे सांगितले होते. गर्भाशयातून काळजाकडे जायला वाट नसते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. बसवायला पाच-दहा मिनिटे लागली, ओटीपोटात जोराची कळ आली, थोडा वेळ पडून राहिलो आणि एसटीने घरी आलो. त्रास नंतर झाला. पहिले तीन-चार महिने पाळीत रक्त जास्त गेले, कोर्टात उभे राहणे नकोसे व्हायचे. हे आधी सांगायला हवे होते. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला तर सांगायलाच हवे, लोहाच्या गोळ्याही द्यायला हव्यात. पुढे त्रास थांबला. दहा वर्षे चालणारी तांबी आम्ही मुदत भरल्यावर काढून घेतली. मूल हवे झाले तर ती आधीही काढता येते. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. गुप्तरोगापासून मात्र ती वाचवत नाही.

आता कायद्याचे. संमती म्हणजे समजून दिलेला होकार, आणि तो ज्याच्या शरीरावर उपचार व्हायचा त्याचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले. मूल होऊ द्यायचे की नाही हा निर्णय घटनेच्या कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे २००९ च्या सुचिता श्रीवास्तव खटल्यात सांगितले. नसबंदीसारख्या कायमच्या शस्त्रक्रियेलाही जोडीदाराची संमती लागत नाही, असे केंद्र सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. मग काढून टाकता येणाऱ्या तांबीला ती कशी लागेल? हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे की २००७ च्या समर घोष खटल्यात, जोडीदाराला न विचारता केलेली नसबंदी घटस्फोटाच्या दाव्यात मानसिक क्रूरता ठरू शकते, असे न्यायालय म्हणाले. पण तो नवरा-बायकोतला दावा. त्यावरून दवाखान्याला सही मागण्याचा अधिकार मिळत नाही.

याची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याची सरकारी योजना आहे. सोय चांगली आहे, अट एकच, बाईला आधी समजावून तिचा होकार घ्यायचा. पण आपल्याला तांबी बसवली आहे हे पुढे कधीतरी पोटात दुखू लागल्यावर कळलेल्या बाया आम्हाला भेटल्या आहेत. कळा चालू असताना कागदावर घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. एकीला मागूनही मिळत नाही, दुसरीला न मागता बसवली जाते, आणि विचारले दोघींनाही जात नाही.

राज्यकर्त्यांचे तरी वेगळे काय आहे? १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते बारगळले. सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्ये झाली तर स्थानिक निवडणुकीला अपात्र, असा नियम आला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी तीन अपत्यांची भाषा केली. कधी दोन, कधी तीन. आकडा पुरुष ठरवणार आणि नऊ महिने ओझे बाईने वाहायचे!

म्हणूनच बाबासाहेबांची आठवण होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रचाराचा आणि सोयींचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यामागची मांडणी बाबासाहेबांची होती. मूल केव्हा आणि किती हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर असावे, आणि बाळंतवेणा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला तो कधी तयार झाला नसता, असे त्यात होते. सभागृहाने ठराव फेटाळला. त्याआधी १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने बाबासाहेबच कोर्टात उभे राहिले होते.

आणि आपल्या चळवळीतले बांधव? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांच्या नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुषांच्या नसबंदीचे ०.३ टक्के, तांबीचे २.१. चौदा एप्रिलला व्यासपीठावरून हिंदू कोड बिलावर तासभर बोलणारे आमचे किती कार्यकर्ते त्या ०.३ मध्ये आहेत, हे त्यांनी आपल्या घरी विचारून पाहावे. पुरुषांची शस्त्रक्रिया तर बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते.

त्या भगिनीला आम्ही वरील निकालांचा उल्लेख असलेले साधे पत्र लिहून दिले. दवाखान्यात फार बोलणे झाले नाही. पतीच्या सहीच्या रकान्यावर तिने आडवी रेघ मारली आणि खाली आपले नाव लिहिले. पहिल्या पाळीनंतर तपासणीला जाताना तिची धाकटी जाऊ सोबत येणार आहे. तिलाही काही विचारायचे आहे म्हणे.