पार्श्वभूमी पुसण्याची किंमत

मराठीच्या विद्यार्थ्यांनी लेन्सच्या किमतीवर वाद घालावा, याचे आता कुणी नवल मानू नये. प्रकल्पासाठी गावाची, माणसांची छायाचित्रे काढणे हे त्यांच्या अभ्यासाचेच अंग होत चालले आहे. मग प्रश्न येतो तो असा: ५० मिलिमीटरची प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घ्यायची तर स्वस्त एफ/१.८ घ्यावी की महाग एफ/१.२? उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. महाग ती खरी, स्वस्त ती शिकाऊ माणसाची. या समजुतीला आमचा विरोध आहे, आणि तो केवळ काटकसरीपोटी नाही.

आधी हिशेब पाहू. कॅननच्या आरएफ मालिकेत २०१८ साली आलेल्या एफ/१.२ लेन्सचे वजन ९५० ग्रॅम. २०२० च्या एफ/१.८ चे १६० ग्रॅम. किमतीतील अंतर दहापटीच्या घरात. या जादा पैशांत मिळते काय? पूर्ण उघडल्यावर सव्वादोनपट प्रकाश, कडांपर्यंत अधिक नेमकेपणा, धूळपावसापासून संरक्षण. हे गुण खोटे नाहीत. रामकुंडावर रात्री, भर पावसात उभे राहून ज्याला पोटासाठी छायाचित्रे काढायची आहेत, त्याने ती लेन्स जरूर घ्यावी. पण दिवसाउजेडी अ‍ॅपर्चर एफ/८ पर्यंत मिटवले, की प्रकल्पाच्या छापील पानावर कोणते चित्र कोणत्या लेन्सचे, हे ओळखणे अवघड होते.

तरीही महाग लेन्सचा हट्ट का? आमच्या मते, धूसर पार्श्वभूमीसाठी. फुल-फ्रेम कॅमेऱ्यातून दोन मीटरवरील माणूस टिपला, तर एफ/१.८ ला सुस्पष्ट पट्टा सुमारे सतरा सेंटिमीटरांचा असतो आणि एफ/१.२ ला जेमतेम बारा. मागचे सारे विरघळून जाते. चेहरा उठून दिसतो खरा. पण तो नाशिकचा की नागपूरचा, हे सांगणारे काही उरत नाही. काळाराम मंदिराच्या दरवाजासमोर माणूस उभा करावा आणि दरवाजाच पुसून टाकावा, म्हणजे १९३० च्या सत्याग्रहाची खूणही चित्रातून गेली. पात्राला त्याच्या परिसरापासून तोडून वाचू नका, असे वर्गात बजावणाऱ्यांनी छायाचित्रात त्या तोडण्यालाच सौंदर्य म्हणून दाद द्यावी, ही विसंगती नव्हे काय?

यावर नाशिकात हमखास एक दाखला पुढे येतो, तो दादासाहेब फाळक्यांचा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने विमा गहाण टाकून लंडन गाठले आणि १९१२ साली विल्यमसन कॅमेरा मिळवला. मग आम्हीच हात आखडता का घ्यावा? दाखला खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. फाळक्यांनी कर्ज काढले ते ज्याच्यावाचून काम सुरूच होऊ शकत नव्हते अशा साधनासाठी. हातातल्या साधनापेक्षा प्रतिष्ठित साधनासाठी नव्हे. आणि ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाआधी भांडवल देणाऱ्यांचे मन वळवले ते कशाने? कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस टिपलेल्या छोट्या चित्रफितीने. त्यात कामी आली ती चिकाटी.

निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी एवढी रक्कम द्राक्षबागेच्या फवारणीची असते. ती हप्त्यांवर लेन्समध्ये घालण्याचा सल्ला देणाऱ्या जाणकारांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. स्वस्त लेन्सच्या मर्यादा आम्ही लपवत नाही: ती पावसात सांभाळावी लागते, पूर्ण उघडल्यावर तिच्या कडा मवाळ पडतात. पण झूम नसल्यामुळे पुढे-मागे चालावे लागणे, माणसाजवळ जाऊन त्याच्याशी बोलावे लागणे, हे प्राइम लेन्सचे खरे शिक्षण दोन्हींत सारखेच मिळते.

महाविद्यालयीन विभागांनाही आमचे हेच सांगणे आहे. एका महाग लेन्सच्या पैशांत दहा स्वस्त लेन्स येतात. त्या दहा घ्याव्यात, कपाटात कुलूपबंद न ठेवता विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात, आणि पहिल्या प्रकल्पाला एकच अट घालावी: अ‍ॅपर्चर एफ/८, आणि माणसामागची भिंत वाचता आली पाहिजे.