प्रायमरी की बदलायची म्हणजे...

शुक्रवारी ऑफिसात काम आलं : ग्राहकांच्या टेबलची प्रायमरी की बदला. मागे कुणीतरी मोबाईल नंबरच की करून ठेवला होता. लोक नंबर बदलतात, नवरा-बायको एकच नंबर देतात. झाली बोंब.

डेटाबेसच्या आतलं काम तसं सरळ आहे. नवा आयडी कॉलम घ्यायचा, बाकीच्या टेबलांत तो भरायचा, फॉरेन की काढायच्या, प्रायमरी की बदलायची, फॉरेन की परत जोडायच्या. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत अख्खं टेबल प्रायमरी कीच्या क्रमाने मांडलेलं असतं, त्यामुळे ते नव्याने लिहिलं जातं. म्हणून रात्री करा. वाद झाला तो शेवटी. जुना कॉलम ठेवायचा का? लीड म्हणाला, "उडव, कचरा कशाला?" मी गप्प.

शनिवारी गावी आलो, मेहकरजवळ. आबाजी ट्रंक उघडून बसलेले. पीककर्जासाठी जुनं खरेदीखत दाखवलं, तर समोरचा म्हणे ही जमीन ती नव्हेच! खरेदीखतावर सर्व्हे नंबर, सातबाऱ्यावर गट नंबर.

१९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण झालं, त्यात गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. प्रायमरी कीच बदलली की! तीही एकास एक नाही. कुठे चार नंबरांचा एक गट, कुठे एकाच नंबरचे तुकडे दोन गटांत. सरकारी दप्तरात नवे नंबर चढले, पण ट्रंकेतल्या कागदावर कुठलं 'ऑन अपडेट कॅस्केड' चालणार?

"मग आता, आबाजी?"

"एकत्रीकरनाचा उतारा काढू ना बापू. त्याच्यात दोनी नंबर रायतात."

म्हणजे मॅपिंग टेबल! ते ठेवणाऱ्या कारकुनाला आमच्या लीडपेक्षा जास्त कळत होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. :-) आता सातबाऱ्यावर यूएलपिन नावाचा आणखी एक नंबर येतो. येऊ दे, जुने पुसू नका म्हणजे झालं. (आमच्या जिल्ह्याचं नावसुद्धा कुठे बुलडाणा, कुठे बुलढाणा. नावाला की करणाऱ्यांनी बघून घ्यावं.)

आमचाही जुना नंबर ग्राहकांच्या पावत्यांवर आहे, कुणाकुणाच्या एक्सेलमध्ये आहे. उद्या कुणी जुनी पावती घेऊन आलं तर त्याला काय सांगणार, तू तो नव्हेच?

सोमवारी लीडला नाही म्हणणार आहे. आबाजींचा उतारा मंगळवारी मिळेल म्हणतात.