ओहोटीची वाट आणि मुलांचे हात



“दिवाळीच्या सुटीत द्वारका-सोमनाथ करायचं ठरलंय. पण दोन्ही मुलं देवळाच्या रांगेत कंटाळतात. वाटेत त्यांच्यासाठी काही आहे का?” असं एका भगिनीनं विचारलं आहे.

आहे तर! जामनगरहून द्वारकेकडे जाताना, साधारण ६० किलोमीटरवर, वाडीनारजवळ नरारा म्हणून जागा आहे. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. १९८२ साली जाहीर झालेलं हे आपल्या देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. इथे होडी लागत नाही. ओहोटीला समुद्र दूरवर मागे सरतो आणि प्रवाळांच्या खडकाळ पट्ट्यावर घोटाभर, कुठे गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं.

सगळं गणित मात्र ओहोटीचं. ती रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त लांब जातं. म्हणून जामनगरला वनखात्याकडे परवानगी, वाटाड्या आणि त्या दिवशीची वेळ यांची आधी चौकशी करायची आणि मगच गाडी सांगायची. आधी दर्शन, मग समुद्र असं ठरवून चालत नाही. देव थांबतो हो, ओहोटी थांबत नाही! वाटाड्या “चला परत” म्हणाला की मुलांनी कितीही गळ घातली तरी निघायचं. भरतीचं पाणी आधी सखल घळींतून शिरतं, आणि पाठीमागची वाट कधी भरली ते कळत नाही.

पायात जुने, नाडीचे कॅनव्हासचे बूट हवेत. चपला चिखलात रुततात आणि अनवाणी पायाला खडक कापतो. सावली मुळीच नाही, तेव्हा टोप्या आणि भरपूर पाणी घ्या. खाणं गाडीतच ठेवा, आणि चालायच्या आधी मुलांना ‘जाऊन या’ म्हणायला विसरू नका.

आता खरी गंमत. घरून रुंद तोंडाची, तळ स्वच्छ पारदर्शक असलेली प्लॅस्टिकची बरणी न्या. तिचा तळ पाण्यात जरासा दाबून वरून आत पाहिलं की पाण्यावरची चकाकी नाहीशी होते आणि खालचं लख्ख दिसतं. तारामासा, समुद्रकाकडी, फुलासारखं उमललेलं समुद्रफूल, नशीब असेल तर बिळातून डोकावणारा ऑक्टोपस. एकाच डबक्याशी पाच मिनिटं गप्प उभं राहायची पैज लावा. पळत दहा डबकी पाहणाऱ्यापेक्षा या मुलाला जास्त दिसतं. वाळूत काठी रोवून पाणी तिच्यापासून किती पावलं सरकलं तेही मोजू द्या. मोठ्या मुलांना तिवरांच्या झाडांची चिखलातून वर आलेली, श्वास घेणारी मुळं दाखवा.

एका गोष्टीत मात्र आईनं कडक व्हायला हवं. हात लावायचा नाही! प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण तो इवल्या इवल्या जिवांनी बांधलेला वाडा आहे आणि वाढतो अगदी सावकाश. एका बुटाखाली कित्येक वर्षांचं काम मोडतं. म्हणून वाटाड्याच्या पावलावर पाऊल. केंड मासा हातात धरला की टम्म फुगतो. मुलं टाळ्या पिटतात आणि काही वाटाडे हौसेनं तो उचलून दाखवतातही. पण तो फुगतो भीतीनं, आणि पाण्याबाहेर हवा गिळली तर ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. “दादा, पाण्यातच दाखवा, उचलू नका,” असं आपण आधीच सांगून ठेवावं. पैसे आपण देतो, तेव्हा संकोच कसला?

शंख-शिंपल्यांवरून रडारड होणारच. अशा वेळी नुसतं “नियम आहे” म्हणून मुलाचं समाधान होत नाही. त्याला शंखात राहणारा खेकडा शोधून दाखवा. या खेकड्याला मागच्या अंगावर कठीण कवच नसतं. तो रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधत हिंडतो. आपण उचललेला शंख म्हणजे कुणाची तरी रिकामी खोली. हे सात-आठ वर्षांच्या मुलाला पटकन पटतं, मोठ्यांनाच जरा उशीर लागतो! प्रवाळाचा तर मेलेला तुकडासुद्धा आणायचा नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे.

शंखांऐवजी वही भरू द्या. मुक्कामी पोचल्यावर, झोप अनावर होण्याआधी, प्रत्येकानं पाहिलेल्या तीन प्राण्यांची चित्रं काढायची. नाव येत नसेल तर स्वतःच ठेवायचं.

आणि बूट त्याच रात्री गोड्या पाण्यातून दोनदा काढा. मीठ वाळलं तर सकाळी ते लाकडासारखे कडक होतात आणि सोमनाथपर्यंत मुलांच्या टाचा सोलतात.